विमानांचा थेट माग दाखवणारे अ‍ॅप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी हे अ‍ॅप मी घेतले ते बहिणीचे विमान कुठवर आले आहे हे पाहण्यासाठी. ते काम त्याने पहिल्याच दिवशी चोख केले. पुढे मात्र त्यातील सूचना आणि बातम्या मी रोज वाचू लागलो, आणि येथे मुख्यतः त्यांच्याविषयीच लिहायचे आहे.

सर्वाधिक उपयोग झाला तो 7700 च्या सूचनेचा. वैमानिकाने ट्रान्सपाँडरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, हा संकेतांक लावला की विमान आणीबाणीत आहे हे नियंत्रण कक्षाला कळते. 7600 म्हणजे रेडिओ संपर्क तुटलेला, तर 7500 म्हणजे बेकायदा हस्तक्षेप, उदाहरणार्थ अपहरण. सुरुवातीला 7700 ची सूचना आली की छातीत धस्स होई. एका रात्री असेच एक विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात मागे वळले, पण धावपट्टीकडे न जाता समुद्रावर एकाच ठिकाणी घिरट्या घालत राहिले, आणि ते सुखरूप उतरेपर्यंत मी तासभर नकाशासमोरून हललो नाही.

ते लगेच का उतरले नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बरेच काही उलगडले. लांब पल्ल्याचे विमान भरल्या टाक्यांनी निघते तेव्हा त्याचे वजन उतरण्यासाठी ठरवलेल्या कमाल वजनापेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून इंधन हवेत सोडावे लागते किंवा घिरट्या घालून जाळावे लागते. एअरबस ए320 किंवा बोइंग 737 मध्ये तर इंधन सोडण्याची सोयच नसते. शिवाय वैमानिकांना तपासणीच्या याद्या क्रमाने पूर्ण करायच्या असतात. 4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए380 चे एक इंजिन फुटले, तेव्हा वैमानिकांनी जवळपास 50 मिनिटे अशा याद्यांवर घालवली आणि विमानातील सर्व 469 जण सुखरूप परतले. घिरट्या म्हणजे बहुतेक वेळा हाताशी वेळ असल्याची खूण. आग किंवा धूर असेल तर वजन जास्त असतानाही विमान थेट उतरवले जाते.

आता मी उंचीचा आलेखही वाचतो. विमान झपाट्याने 10,000 फुटांपर्यंत येऊन स्थिरावले, तर केबिनमधील हवेचा दाब कमी झाला असण्याची शक्यता असते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू साधारण पाव तासच पुरतो आणि तेवढ्यात मुखवट्याशिवाय श्वास घेता येईल अशा उंचीवर यावे लागते.

तक्रारी दोन. पहिली किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे घबराट पसरते: महासागरावर विमानाचे संकेत पकडणारे जमिनीवरचे रिसीव्हर पोहोचत नाहीत, तिथे अ‍ॅप विमानाची जागा अंदाजाने दाखवते, मात्र हा अंदाज वेगळ्या रंगात दाखवत नाही. ठिपका अचानक नाहीसा झाला की नवख्या माणसाला वाटते विमानच नाहीसे झाले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. प्रवासी आजारी पडल्यामुळे वळवलेले विमान, खराब हवामानामुळे दुसरीकडे उतरलेले विमान आणि 'मेडे' पुकारून उतरलेले विमान, या तिन्हींना येथे 'आपत्कालीन लँडिंग' असेच शीर्षक मिळते. 'पॅन-पॅन' म्हणजे तातडी आणि 'मेडे' म्हणजे जिवावरचे संकट, हा फरक वैमानिक काटेकोरपणे पाळतात, तर बातमी देणाऱ्यानेही तो पाळायला हवा. त्यातच विमान उतरले की बातमी संपते. अपघात झाला असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल 30 दिवसांत अपेक्षित असतो. तो या आठ महिन्यांत जुन्या बातमीला जोडलेला मला एकदाही दिसला नाही.

नव्या मार्गांचा विभाग बरा आहे, पण घोषणा आणि प्रत्यक्ष सुरुवात यांत तो फरक करत नाही. विमानतळावर उतरण्या-उडण्यासाठी मिळणारी वेळ, परवानग्या आणि मोकळे विमान हे सारे जुळल्याशिवाय मार्ग सुरू होत नाही, आणि पुष्कळ मार्ग मार्च किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, वेळापत्रकाचा हंगाम बदलतो तेव्हाच सुरू होतात. तिकीट काढण्यापूर्वी मी विमान कंपनीचे वेळापत्रक पाहतो.

वर्षभराची वर्गणी मी पुन्हा भरली आहे. 7700 ची सूचना चालू ठेवली आहे आणि बातम्यांच्या सूचना बंद केल्या आहेत.