हि-मॅन की थंडरकॅट्स? मुलांना आधी काय दाखवावे

घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या लहानपणची एखादी अद्भुत कार्टून साहसमालिका दाखवावी असे मनात आले, की माझ्या पिढीतील पालकांपुढे बहुधा दोन नावे येतात : १९८३ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘हि-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ आणि १९८५ साली आलेली ‘थंडरकॅट्स’. दोन्हींचे भाग प्रत्येकी १३०, दोन्हींत जादूची तलवार उंचावणारा पिळदार नायक, आणि दोन्हींत भयाण वास्तूत बसून कट रचणारा खलनायक. वरवर पाहता कोणतीही लावली तरी चालेल असे वाटते. पण या वयाची मुले एका जगात रमली की त्याच जगाचे कायदे खरे मानून खेळू लागतात आणि दुसऱ्या मालिकेच्या वाट्याला मग उष्टे लक्ष येते. म्हणून आधी कोणती, हा प्रश्न मला बिनमहत्त्वाचा वाटत नाही. दूरदर्शनवर हि-मॅन पाहत मी वाढलो, त्यामुळे माझा कल कुठे असावा हे उघड होते. तरीही मुलासोबत दोन्ही मालिका पाहिल्यावर माझे मत हळूहळू दुसऱ्या बाजूला गेले. ते का गेले, एवढेच येथे नायक आणि खलनायक यांच्यापुरते मांडतो.

खलनायकांपासून सुरुवात करावी, कारण तेथे हि-मॅनचे पारडे निःसंशय जड आहे. स्केलेटॉर हा पिवळ्या कवटीचा, निळ्या अंगाचा, मेंढ्याच्या कवटीचा राजदंड हातात घेतलेला दुष्ट मांत्रिक दिसायला भीतिदायक आहे. पण अ‍ॅलन ओपनहाइमर या नटाने त्याला दिलेला चिरका, नाकातला आवाज आणि ते खिदळणे यांमुळे तो मुलांना एकाच वेळी भिववतो आणि हसवतो. त्याला राग येतो, हेवा वाटतो, साथीदारांचा वीट येतो. बीस्ट मॅनला तो येता-जाता मूर्ख ठरवतो आणि बीस्ट मॅन मान खाली घालून ते ऐकून घेतो. ईव्हिल-लिन ही त्याची मांत्रिक साथीदार मात्र त्याच्या पाठीमागे स्वतःचे डाव मांडत असते, आणि स्केलेटॉरलाही याची कल्पना असते. स्नेक माउंटन या त्याच्या अड्ड्यातील या माणसांचे आपसातले संबंध इतके स्पष्ट आहेत, की नुसते त्यांच्या दरबारातले भांडण पाहण्यासाठीसुद्धा एखादा भाग लावावा. एका भागात स्केलेटॉर स्वतःच बोलावलेल्या एका दैत्याच्या तावडीत सापडतो आणि त्याला सोडवायला हि-मॅनलाच जावे लागते. १९८५ च्या नाताळ विशेष भागात तर दोन लहान मुलांना आणि एका यांत्रिक पिल्लाला बर्फातून नेण्याची वेळ स्केलेटॉरवर येते. पिल्लाला तो आधी मागेच सोडायला निघतो, मग मुलांच्या विनवणीला कंटाळून त्याला उचलून घेतो, पिल्लू त्याची कवटी चाटते, आणि आपल्याला हे बरे का वाटते आहे या विचाराने तो अस्वस्थ होतो. खलनायकाच्या मनात शिरण्याची इतकी साधी आणि इतकी नेमकी जागा मी मुलांच्या मालिकांत फारशी पाहिलेली नाही.

थंडरकॅट्समधील मम-रा यापुढे सपाट वाटेल, हे मान्य केले पाहिजे. काळ्या पिरॅमिडमध्ये, चार प्राणिमुखी पुतळ्यांच्या मधोमध, दगडी शवपेटीचे झाकण सरकते. पट्ट्यांत गुंडाळलेला, वाकलेला, खोल आवाजाचा म्हातारा बाहेर येतो, हात वर करून अघोरी प्राचीन आत्म्यांना हाक मारतो, पट्ट्या तुटून उडतात आणि लाल झग्यातला धिप्पाड राक्षस उभा राहतो. हे दृश्य पहिल्या वेळी अंगावर येते. त्यानंतर ते पुन्हा पुन्हा येते. सुरुवातीच्या भागांत तो स्वतःचे प्रतिबिंब पाहून भेदरतो आणि आपल्या रूपाचे बळ गमावतो, त्यामुळे लढाईचा निकाल नायकाच्या कर्तबगारीपेक्षा तलवारीच्या चकाकत्या पात्यावर अवलंबून राहतो. त्याचे मित्र म्हणजे स्लिथ आणि इतर म्युटंट, म्हणजे प्राण्यांसारखे दिसणारे दुष्ट योद्धे. ते धड त्याचे नोकर नाहीत, धड त्याचे शत्रूही नाहीत, आणि स्केलेटॉरच्या दरबारातली खुमासदार उणीदुणी त्यांच्यात जमत नाही. मम-रा हा माझ्या मते एक उत्तम चेहरा आहे, पण स्वभाव म्हणून तो स्केलेटॉरच्या जवळपासही येत नाही. ज्यांच्या मुलाला खलनायकच अधिक आवडतात, त्यांनी येथेच निर्णय घ्यायला हरकत नाही.

नायकांकडे वळल्यावर मात्र गणित बदलते. हि-मॅन हा अतिशय सज्जन नायक आहे. तो सजीवावर तलवार चालवत नाही, शक्यतो मुठीने मारतही नाही. दगड उचलतो, भिंत फोडतो, शत्रूला उचलून चिखलात फेकतो आणि पुष्कळदा बोलून प्रश्न सोडवतो. निर्मात्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड रॉबर्ट्स यांच्यासारखा सल्लागार घेतला होता आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एखादे पात्र मुलांकडे वळून दोन बोधाचे शब्द सांगते. ज्या भागात स्केलेटॉरच्या कपटामुळे आपल्या हातून एक निरपराध मेला, असे हि-मॅनला वाटते आणि तो तलवार खोल दरीत टाकून देतो, तो भाग आजही मला हलवून जातो. ताकदवान माणसाला आपल्या ताकदीचीच धास्ती वाटावी, ही कल्पना मुलाला समजेल अशा बेताने तेथे मांडली आहे.

तरीही एक गोष्ट मला खटकू लागली, आणि खरे सांगायचे तर सगळा निर्णय त्या एकाच गोष्टीने केला. ती म्हणजे राजपुत्र अ‍ॅडमचे गुपित.

आपणच हि-मॅन आहोत हे अ‍ॅडम कोणालाही सांगत नाही. ग्रेस्कल किल्ल्याची रक्षक जादूगारीण सॉर्सरेस, राजाचा शस्त्रप्रमुख मॅन-अ‍ॅट-आर्म्स आणि राजवाड्यातला छोटा जादूगार ऑर्को या तिघांनाच ते माहीत आहे, हे प्रत्येक भागाच्या आरंभी तो स्वतःच सांगतो. गुपित फुटू नये म्हणून अ‍ॅडम आळशी, भित्रा आणि बेफिकीर असल्याचे सोंग घेतो. संकट आले की तो नाहीसा होतो, हि-मॅन येऊन सगळ्यांना वाचवतो, आणि मग अ‍ॅडम जांभई देत परत येतो. राजा रँडर भर दरबारात मुलाला बोल लावतो, राजवाड्याच्या पहारेदलातली टीला त्याच्या भित्रेपणावर टोमणे मारते, गुपित माहीत असलेली मंडळी हसतात आणि भाग संपतो. लहानपणी मला ही गंमत वाटायची. मुलासोबत पाहताना ती गंमत राहिली नाही, कारण तो जवळजवळ प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारी : “बाबा, तो त्याच्या बाबांना सांगत का नाही?” स्केलेटॉरपासून घरच्यांना धोका पोहोचू नये म्हणून, हे उत्तर मी देत असे, पण स्केलेटॉर तर राजवाड्यावर तसाही सतत चाल करून येत असतो, हे त्या वयाच्या मुलालाही दिसते, आणि त्यावर मालिकेकडेच उत्तर नाही, तर माझ्याकडे कोठून असणार?

एखाद्या भागात हे कोडे सुटेल अशी आशा निर्माण होते. अ‍ॅडम हि-मॅन न होता स्वतःच्याच रूपात वडिलांच्या सुटकेला निघतो, तेव्हा आता बाप-लेकांत काही तरी उघड होईल असे वाटते. पुढच्या भागात पुन्हा तोच आळशी अ‍ॅडम आणि तोच खट्टू राजा. राणी मार्लेना पृथ्वीवरून आलेली अंतराळवीर आहे. ती आपले जुने यान घेऊन लढायला उतरते त्या सुंदर भागाच्या शेवटी तिला मुलाचे गुपित कळले असावे असे सुचवले जाते, पण ती सूचनाही तेथेच राहते. सर्वांत जास्त अन्याय टीलावर होतो. ती पहारेदलाची प्रमुख आहे, शूर आहे, आणि तिच्याभोवतीचे सगळे तिच्यापासून काही ना काही लपवत असतात. आपली आई कोण, या शोधात ती ग्रेस्कल किल्ल्यापर्यंत पोहोचते, सॉर्सरेसच आपली आई आहे हे तिला कळते, आणि त्याच भागाच्या शेवटी आई तिच्या मनातून ती आठवण पुसून टाकते. मोठ्यांच्या दृष्टीने ही शोकांतिका आहे. पण माझा मुलगा तो भाग संपल्यावर काही बोलला नाही, आणि पुढचा भाग लावू का विचारले तर नको म्हणाला. ज्या मालिकेतले चांगले लोक चांगल्याच लोकांशी सर्वाधिक खोटे बोलतात, ती मुलांना आधी दाखवावी का, ही शंका तेथून माझ्या मनात घर करून बसली.

थंडरकॅट्समध्ये नेमके हेच नाही, आणि माझ्या मते तेच तिचे मोठे बळ आहे. थंडेरा ग्रह नष्ट होतो, उरलेले थंडरकॅट्स, म्हणजे मार्जारकुळातले योद्धे, यानातून निघतात, प्रवासभर त्यांचे वय थांबावे म्हणून ते कुपींत झोपतात, म्हातारा जॅगा एकटा यान हाकत राहतो आणि वाटेतच संपतो. मालिकेचा नायक लायन-ओ याची कुपी नीट काम करत नाही. तो झोपतो तेव्हा लहान मुलगा असतो आणि ‘तिसरी पृथ्वी’ नावाच्या ग्रहावर उठतो तेव्हा अंगापिंडाने पुरुष झालेला असतो, मन मात्र मुलाचेच. कथेला यापेक्षा चांगली सुरुवात कोणी द्यावी! मुलाला जे व्हायचे असते ते नायक एका रात्रीत झालेला आहे, आणि तसे झाल्यावर किती अडचण होते हे तोच दाखवतो. तो उतावळेपणा करतो, बढाई मारतो, धोक्यात सापडतो. पँथ्रो, टायग्रा आणि चिटारा त्याला सरदार मानतात, तरी चुकला की तोंडावर सांगतात. जॅगाचा आत्मा येऊन समज देतो. त्याचे दोष सगळ्यांना माहीत असतात आणि त्याबद्दल कोणाला सोंग घ्यावे लागत नाही. सत्य, न्याय, सन्मान आणि निष्ठा ही थंडेराची चार तत्त्वे कथेत नुसती उच्चारली जात नाहीत, त्यांवरून पात्रांत वादही होतात. तलवारसुद्धा अशी, की चुकीच्या कामाला ती साथ देत नाही.

या मालिकेतला खरा ठेवा म्हणजे लायन-ओच्या राज्याभिषेकाच्या पाच कसोट्या. पँथ्रोशी बळाची, चिटाराशी वेगाची, विलीकिट आणि विलीकॅट या लहान जुळ्यांशी चातुर्याची, टायग्राशी मनोबलाची, आणि शेवटची खुद्द मम-राशी, तीही तलवारीवाचून. ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्याशीच लढायचे, आणि त्यांनीही हातचे राखून लढायचे नाही, ही अट मुलांना फार पटते. चिटाराला धावण्यात कोणी हरवू शकत नाही हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ होते, त्यामुळे ती कसोटी पाहताना मुलगा सोफ्याच्या काठावर येऊन बसला आणि लायन-ओने काय करावे याचे बेत मोठ्याने सांगू लागला. हि-मॅनच्या कोणत्याही भागात तो नायकाच्या जागी जाऊन असा विचार करताना मला दिसला नाही. तेथे तलवार उंचावली की पुढचे काम झालेच, अशी त्याची खात्री असे.

थंडरकॅट्सच्या उणिवा लपवण्याजोग्या नाहीत. लायन-ओला सांभाळणाऱ्या स्नार्फ या छोट्या प्राण्याची रडकी कुरकुर काही मोठ्यांना असह्य होते. मुलांना ती चालते, हा माझा अनुभव. संकटात सापडल्यावर लायन-ओ तलवारीतून इशारा पाठवतो आणि सगळे धावून येतात, ही सुटकाही फार वेळा वापरली आहे. सुरुवातीच्या मंडळींत स्त्रिया दोनच, मोठी चिटारा आणि लहान विलीकिट. घरात मुलगी असेल आणि तिला स्वतःसारखे कोणी हवे असेल, तर टीला, मार्लेना, सॉर्सरेस आणि ईव्हिल-लिन एवढे भरगच्च स्त्रीविश्व असलेली हि-मॅन तिला अधिक जवळची वाटेल, आणि तिथून हि-मॅनच्या जुळ्या बहिणीच्या ‘शी-रा’ या मालिकेकडे जाणेही सोपे. मूल पाच वर्षांहून लहान असेल, तर मम-राचे रूपांतर रात्री त्रास देऊ शकते. त्या वयाला स्केलेटॉर बरा. चित्रांच्या बाबतीत जपानमध्ये रेखाटलेली थंडरकॅट्स अधिक चपळ दिसते, तर फिल्मेशन या कंपनीने अमेरिकेतच काढलेल्या हि-मॅनमध्ये तीच धाव, तीच वळून पाहण्याची लकब पुन्हा पुन्हा येते. मुलांना त्याचे सोयरसुतक नसते, म्हणून मी त्याला फारसे वजन देत नाही.

माझ्या मताला कोणी नियम मानू नये. तरी मला विचारले, तर सात वर्षांपुढच्या मुलासाठी थंडरकॅट्स आधी लावा असेच मी म्हणेन. पहिल्या हंगामातील ६५ भाग पुरेसे आहेत. पुढे नवी पात्रे आणि नवे शत्रू येतात आणि कथा पसरट होते, त्यामुळे ते मुलाने मागितले तरच. पाच कसोट्यांचे भाग शोधून एका आठवड्यात क्रमाने दाखवावेत. हि-मॅन त्यानंतर, आणि तीही निवडून : तलवार दरीत टाकण्याचा भाग, स्केलेटॉरला वाचवण्याचा भाग, मार्लेनाचा भाग आणि नाताळचा विशेष भाग. टीलाच्या आईचा भाग मात्र मुलाला एकट्याने पाहू देऊ नये. शेजारी बसावे आणि तो संपल्यावर लगेच टीव्ही बंद न करता, त्याला काही विचारायचे असेल तर विचारू द्यावे.