आधी वेगळा वर्ग, की थेट सगळ्यांसोबत?

निर्वासित मुलं नव्या देशात आली की शाळेपुढे दोन वाटा असतात: आधी भाषेसाठी वेगळा वर्ग, किंवा पहिल्या दिवसापासून स्थानिक मुलांच्या शेजारी. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम २२ प्राथमिक शिक्षणात देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक द्यायला सांगतं. वर्ग कसे लावायचे, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

वेगळ्या वर्गाचं उदाहरण म्हणजे बर्लिनचे ‘स्वागत वर्ग’. बारा-तेरा वर्षांचं, दोन-तीन वर्षं शाळाच न पाहिलेलं मूल तिथे न लाजता चुकू शकतं. गोची पुढे होते. मधल्या सुट्टीतही ही मुलं आपापसातच राहतात, आणि ‘तात्पुरता’ शब्द लांबत जातो. तुर्कस्तानात सीरियन मुलांसाठी अरबीतून शिकवणारी तात्पुरती केंद्रं होती. २०१६ पासून ती टप्प्याटप्प्यानं बंद करून मुलांना सरकारी शाळांत आणलं गेलं.

थेट प्रवेशात मैत्री लवकर जमते, पण भाषेचा जादा तास आणि मदतनीस नसेल तर मूल मागच्या बाकावर नुसतं बसून राहतं. त्याला समावेश म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बालवाडीत मात्र मला फारसा प्रश्नच दिसत नाही. तीन-चार वर्षांची मुलं खेळता खेळता, गाण्यांतून, भांडणांतून भाषा उचलतात. त्यांना वेगळं काढू नये. घरी मातृभाषा चालू राहू द्यावी. अडचण बहुधा जागांची आणि कागदपत्रांची असते.

मोठ्या मुलांसाठी मी मिश्र पद्धत निवडेन: सकाळी भाषा, आणि गणित, चित्रकला, खेळ पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांबरोबर.