जंताच्या औषधाच्या नावाखाली माझे १२,०९८ रुपये गेले

आकडे आधी लिहितो, कारण घरी विचारलं तेव्हा मी ते लपवले होते. ४९९, ७५०, २,८५० आणि १,९५०. हे झाले ६,०४९. मग "पैसे परत करतो" म्हणून त्या औषध विकणाऱ्याने जो स्कॅनर (क्यूआर कोड) पाठवला त्यात पुन्हा ६,०४९ गेले. एकूण १२,०९८ रुपये. आणि मी नोकरी करतो पतसंस्थेत, कॅश काउंटरवर. माझ्या मागच्या भिंतीवर "पिन कोणालाही सांगू नका" असा बोर्ड आहे आणि म्हाताऱ्या खातेदारांना तो मीच वाचून दाखवतो. हे लिहायला तीन आठवडे लागले ते त्यामुळेच.

चिंगी आमची गावठी कुत्री, साडेतीन वर्षांची. नागपुरात बेसा रोडला एका बांधकामापाशी पावसात कुडकुडत बसलेली माझ्या मुलीला दिसली आणि घरी आली. पोट पहिल्यापासून नाजूक. दूध-पोळी दिली की जुलाब. रस्त्यात कोणी टाकलेल्या तर्री-पोह्याचा कागद चाटला तरी दोन दिवस कोपऱ्यात पडून राहते. म्हणून तिला भात, दही आणि बिनमिठाची उकडलेली कोंबडी, बस. एप्रिलमध्ये दुकानातून जंताची गोळी आणली, सकाळी उपाशीपोटी दिली. तासाभरात तिने ओकली आणि दोन दिवस पातळ शी करत राहिली. तेव्हापासून गोळीचं नाव काढलं की आईचा जीव खालीवर. "मुक्या जीवाले कायले जहर देतं रे?" हेच तिचं. आमची ही भीती त्या माणसाने पाचव्या मिनिटाला ओळखली आणि तीच धरून ठेवली.

श्रावणात चिंगीचं खाणं कमी झालं, शी काळपट येऊ लागली. डॉक्टरांकडे लगेच का नेलं नाही, हे सगळेच विचारतात. आमच्या संस्थेत ऑडिट चालू होतं, मी घरी पोचायचो आठला. जवळचे डॉक्टर त्या आठवड्यात गावाला गेलेले. चिंगी रिक्षात बसली की तोंडातून फेस येईस्तोवर घाबरते. मला हे कारण वाटतं, निमित्त नाही. मी निष्काळजी असतो तर रात्री साडेदहाला तिच्यासाठी फोन घेऊन गॅलरीत उभा राहिलो नसतो.

कुत्रेवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात आली होती. "नाजूक पोटाच्या कुत्र्यांसाठी केमिकलमुक्त जंतनाशक." नावाआधी डॉ., फोटोत पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. बोलायचे ४९९ रुपये आधी. बोलणं गोड. "सर, गोळीनं आतड्याचं अस्तर जळतं. तुमची कुत्री ओकली ना, ती शरीरानं दिलेली सूचना होती." आईने स्पीकरवर ऐकलं आणि मान डोलावली.

आता तो क्षण. रोज रात्री मला तोच आठवतो.

त्याने विचारलं, जात कोणती. वय काय. खायला काय देता. आधीची गोळी कोणती, किती ओकली, शीचा रंग कसा. सगळं विचारलं, वजन विचारलं नाही. मीच आपणहून टाइप केलं, "साडेचौदा किलो आहे." आदल्या रविवारी मुलीने तिला उचलून घेऊन काट्यावर उभं राहून, मग आपलं वजन वजा करून काढलं होतं. त्याच्याकडून फक्त अंगठा आला. खाली लगेच, "सर्व जातींना ५ मि.ली. सकाळ-संध्याकाळ."

मी तिथेच थांबायला हवं होतं. जंताचं औषध किलोवर ठरतं हे मला माहीत होतं हो. एप्रिलच्या गोळीच्या पाकिटावर दहा किलोला एक गोळी असं लिहिलेलं होतं आणि मीच पोळपाटावर सुरीने अर्धी कापून दीड गोळी दिली होती. पाच किलोच्या पॉमेरेनियनला आणि पन्नास किलोच्या ग्रेट डेनला एकच चमचा कसा चालेल? हा प्रश्न मनात आला होता. आला आणि मी तो बाजूला सारला, कारण समोरचा माणूस "अस्तर जळतं" म्हणत होता आणि मला चिंगीचं ओकणं दिसत होतं. ज्याला खरंच डोस काढायचा असतो तो आधी वजन विचारतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली असती तर माझे ४९९ रुपयेच गेले असते.

पुढचं भराभर झालं. शीचा फोटो मागवला, "लॅब रिपोर्ट" म्हणून ७५० घेतले. वीस मिनिटांत छापील तक्ता आला, गोलकृमीपुढे तीन अधिकची चिन्हं. ज्यांनी कुत्रं पाळलं आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा: जंताची अंडी फोटोत दिसत नाहीत. ताजी शी लागते, सूक्ष्मदर्शक लागतो. डोळ्यांना दिसले तर पट्टकृमीचे तुकडे दिसतात, शेपटीखाली चिकटलेले, तांदळाच्या दाण्यासारखे. किंवा ओकारीत, शीत शेवयांसारखे गोलकृमी. हुकवर्म तर इतका बारीक की शीत सहसा सापडतच नाही.

२,८५० रुपयांचा डबा चौथ्या दिवशी आला. एक तपकिरी बाटली, एक भुकटीचं पाकीट. बाटलीवरचं लेबल घरच्या प्रिंटरवर काढलेलं. औषधाचा ओघळ आला तिथली निळी शाई विरघळली आणि माझ्या अंगठ्याला लागली. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, कुठे बनवलं तो पत्ता नाही, मुदत संपायची तारीख नाही. वास लसणाचा, नाकात जाणारा. मी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि तरी दिली. आई म्हणाली, "लसूण हाये म्हंजे आयुर्वेदिकच हाये ना." मीही तसंच समजलो. आमच्या घरात सर्दीपासून सगळ्याला लसूण.

तिसऱ्या दिवशी शीत पांढरट चिकट दोरे आले. मी फोटो पाठवला. "अभिनंदन सर, जंत मरून बाहेर पडताहेत!" घरात त्या दिवशी आनंद झाला होता हे लिहिताना आता हात थरथरतो. पाचव्या दिवशी "आता रिकामं झालेलं आतडं भरून काढावं लागेल" म्हणून १,९५० ची दुसरी बाटली. तिचे पैसेही मी दिले. ती बाटली आलीच नाही.

आठव्या दिवशी चिंगी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि उठेना. आईने तिचा ओठ वर करून पाहिला. "हिरड्या पाह्य, पांढऱ्या पडून राह्यल्या."

सुट्टी टाकली आणि सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझं पूर्ण ऐकायच्याही आधी तिला काट्यावर उभं केलं. १३.२ किलो. मला तिथेच रडू आलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.८. कुत्र्याचं साधारण १२ ते १८ असतं. शी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला बोलावून दाखवली: पातळ कवचाची लांबट गोल अंडी, आत द्राक्षाच्या घडासारखे पेशींचे गोळे. हुकवर्म. हा आतड्याला चिकटून रक्त पितो, शी काळी होते ती पचलेल्या रक्ताने. आठ दिवस तो आरामात रक्त पीत होता आणि मी वरून लसूण पाजत होतो. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, हे मला त्या दिवशी कळलं. रक्त कमी असलेल्या कुत्रीला मी दिवसातून दोनदा तेच दिलं. आणि ते दोरे? मॅडमनी काचेवर पसरवून पाहिले. इसबगोल. पाण्यात फुगून चिकट झालेला इसबगोल.

गोळीची भीती सांगितली तर मॅडम रागावल्या नाहीत. उपाशीपोटी दिली म्हणून ओकली असेल, म्हणाल्या, आणि जंत खूप असले की ते मरतानाही पोट बिघडतं. नाजूक पोटाच्या जनावराला औषध टाळायचं नसतं, निवडायचं असतं. आधी तपासणी, मग जो जंत सापडेल त्यावरचं औषध. पट्टकृमीला प्राझिक्वांटेल. गोलकृमी आणि हुकवर्मला पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल. चिंगीला फेनबेंडाझोल दिलं, तीन दिवस, जेवणात मिसळून, म्हणजे एकदम मारा नको. शिवाय सलाइन, लोहाचं औषध, तीन आठवड्यांनी पुन्हा शीची तपासणी. ती एकदाही ओकली नाही. तीन दिवसांच्या जंताच्या गोळ्यांचं बिल किती झालं सांगू? १८० रुपये. डोस मी मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या कुत्र्याचं वजन तुमच्या डॉक्टरांनी करायचं आहे. कोली जातीचं कुत्रं असेल तर आयव्हरमेक्टिन कोणाच्या सांगण्यावरून परस्पर देऊ नका, त्या जातीत अनेकांच्या मेंदूवर ते जातं.

घरी येऊन मी त्या माणसाला फोन लावला, ओरडलो. तो शांत. "सर, पूर्ण पैसे परत. स्कॅनर पाठवतो, स्कॅन करा." केला. पिन मागितला. टाकला. ६,०४९ आले नाहीत, गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मी रोज लोकांना सांगतो. पण दोन रात्री झोप नव्हती, चिंगी सलाइनवरून आलेली, मुलगी शेजारी रडत होती. मी त्या वेळी कॅशिअर नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला गेलो. मारबतीचा दिवस, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मोठी मिरवणूक. "सगळी माणसं बंदोबस्ताले गेली, उद्या या." उद्या गेलो. टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि पलीकडच्याला मोठ्याने ऐकवला, "कुत्र्याच्या जंतापायी बारा हजार." दोघं हसले. मागे एक बाई मुलाला घेऊन उभी होती, तीही हसली. मग म्हणे हे सायबरचं काम. सायबरवाल्यांनी मला विचारलं, १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला होता का? तिसऱ्या दिवशी कोण करणार, तोवर पैसे दोन खाती फिरून गेलेले. अहो, पण मला पहिल्या दिवशी परत पाठवलं कोणी? बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकला ना?" एवढंच, मान वर न करता.

औषधाचं काम बघणाऱ्या कार्यालयात बाटली घेऊन गेलो. "जनावराचं औषध आमच्याकडे नाही, पशुसंवर्धनला जा." पशुसंवर्धनवाले म्हणाले, "परवान्याचं आमच्याकडे नाही, तिकडे जा." दोन कार्यालयं, चार चकरा, रिक्षाचे ७२० रुपये. मग रात्री बसून कायदा वाचला. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषधाच्या व्याख्येतच माणसांसोबत जनावरंही आहेत. प्रिंट काढून नेली. साहेब नव्हते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला जनावरांवर डॉक्टरकी करता येत नाही, तीही प्रिंट नेली. कारकून म्हणाला, ठेवून जा. पोच मागितली तर म्हणे पोचेचा शिक्का आतल्या टेबलावर आहे आणि आतलं टेबल लंचला गेलंय. सव्वाचार वाजले होते! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता कुठून आणू? एका फोन नंबरवर दावा कसा लावू? ज्यांच्याकडे तो पत्ता शोधायची ताकद आहे ते मला शिक्क्याची जागा सांगतात.

तुम्ही तरी हे करा. पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३०, पोलीस स्टेशन नंतर. डॉक्टर म्हणवणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा, खरे डॉक्टर रागावत नाहीत. बाटलीवर बॅच आणि परवाना नसेल तर झाकण उघडू नका. पावसाळ्यात ओल्या मातीत हुकवर्मच्या अळ्या तयार होतात आणि माणसाच्या उघड्या पायातूनही कातडीत शिरतात, म्हणून शी उचलून टाका आणि पोरांना चपला घालायला लावा. माझी मुलगी अंगणात अनवाणीच खेळायची, हे तर त्या माणसाशी बोलताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कुत्र्याचा ओठ वर करून आठवड्यातून एकदा हिरड्या बघा, गुलाबी हव्यात.

त्याचा नंबर अजून चालू आहे. आता डीपीवर दुसरा पांढरा कोट आहे आणि स्टेटसला मांजरांसाठीची बाटली. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

चिंगी काल १४.१ किलो भरली. सोमवारी मी अर्धी सुट्टी टाकून पुन्हा त्या कार्यालयात जातो आहे. बाटली फेकली नाही, अर्धी उरली आहे, झाकणाला टेप लावून ठेवली आहे. या वेळी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.