झटपट पौष्टिक जेवणाचं पुस्तक : सात महिने, घड्याळ लावून

गेल्या जूनमध्ये वाढदिवसाला वहिनीने मला पाककृतींचं एक पुस्तक दिलं. कामाच्या दिवशी रात्री करायचं झटपट, पौष्टिक जेवण असा त्याचा विषय. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी पुष्कळ आहेत आणि या धर्तीची पुस्तकं दुकानात ओळीने मांडलेली असतात. ६० पाककृती, गुळगुळीत कागद, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक इवलंसं घड्याळ. त्यात २०, २५, फार तर ३० मिनिटं.

त्या घड्याळाशीच माझं भांडण आहे.

आमचं घर डोंबिवलीत. माझी नोकरी सीएसएमटीच्या बाजूला, त्यामुळे घरात पाय पडतो तो पावणेआठला, तोही लोकल वेळेवर असेल तर. घरात चौघं: मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. आईंना साखर आणि रक्तदाब दोन्ही, त्यामुळे नऊच्या आत त्यांचं जेवण झालेलं हवं. आजवर केंद्रावरच्या पोळ्या, कुकरचं वरण-भात आणि सकाळची उरलेली भाजी यावर आमचं भागत होतं. वाईट काहीच नव्हतं, पण मुलगी ताटाकडे बघून नुसतं “परत?” म्हणायची.

पहिल्याच दिवशी पुस्तकात एक पेन्सिल ठेवली. पर्स खुंटीला लावल्यापासून पानं घेईपर्यंत किती वेळ गेला तो समासात लिहायचा, असं ठरवलं. सात महिन्यांत ३४ पाककृती करून झाल्या. छापलेल्या वेळेत बसल्या त्या पाच. बाकीच्यांपुढे ४५, ५२, ४८ असे आकडे आहेत, आणि एका पानावर नुसतं “१ तास १० मि., भूक मेली” असं लिहिलंय.

हे का होतं ते कळायला मला दोन आठवडे लागले. साहित्याच्या यादीतच अर्धा स्वयंपाक लपवलेला असतो. “२ कांदे, बारीक चिरलेले. १ जुडी पालक, निवडून, धुऊन, चिरलेला. १ वाटी मोड आलेली मटकी.” यानंतर घड्याळ सुरू. पालक चिरून टोपलीत कोण ठेवून गेलं, ते लेखकाला माहीत. आणि मोड! मटकी सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची, म्हणजे मंगळवारी उसळ हवी तर सोमवारी उठल्या उठल्या आठवण व्हायला हवी. डिसेंबरमध्ये तर एका रात्रीत मोड धड डोकावतही नाहीत, दीड-दोन दिवस जातात. त्या २० मिनिटांच्या उसळीसाठी मी पुरचुंडी रिकाम्या कुकरमध्ये झाकून उबेला ठेवत होते.

पण एकदा हे ध्यानात आलं की पुस्तक वापरता येतं. मी दर रविवारी पाच पाककृती निवडून त्यांचं भिजवणं तेवढं कॅलेंडरवर लिहायला लागले. लसूण सोलण्याचं काम मुलीकडे. मेथी आणि मटार लोकलमध्ये. परतीच्या लेडीज डब्यात भाजी निवडणं हे काही माझं संशोधन नाही, वीस वर्षं बघतेय, पण आधी मला लाज वाटायची. कुठली भाजी गाडीत होईल आणि कुठली नाही (भेंडी नाही, हात चिकट होतात), हे त्या पुस्तकात एका चौकटीत असतं तर मी त्याला आणखी एक तारा दिला असता. फारच दमले तर स्टेशनबाहेर चिरलेल्या भाजीच्या पिशव्या असतातच. महाग पडतात, पण पुस्तकाचं घड्याळ खरं करायचं तर तेवढा एकच रस्ता आहे.

दुसरी मोठी तक्रार कुकरची. साठातल्या जेमतेम आठ-नऊ पाककृतींत कुकर आहे. तुरीची डाळ “पातेल्यात झाकण ठेवून २० मिनिटं” असं लिहिणाऱ्याने ती आमच्या गॅसवर शिजवून दाखवावी. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून तर डाळ तीन शिट्ट्यांत गळते. फोटो सुंदर यावा म्हणून कुकर वगळला असावा, अशी मला दाट शंका आहे, कारण कढई फोटोत गोड दिसते, काळपटलेला कुकर दिसत नाही. त्याच पानावर आमसुलं डाळीसोबतच घालायला सांगितली होती. घातली. डाळ कचकचीत राहिली. आई ओट्याशी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, “अगं, आंबट आधी घातलंस ना? मग ती कशाला शिजतेय.” आंबटात डाळ दमाने शिजते हे मलाही माहीत होतं, पण छापलेल्या अक्षरापुढे माणूस आपलं डोकं बाजूला ठेवतो. आता त्या पानावर आईंच्या अक्षरात “आमसूल नंतर” असं लिहिलेलं आहे.

बाजरीच्या खिचडीची गोष्ट तशीच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून अशा पुस्तकांत ‘मिलेट’ नावाचा विभाग असतोच. इथेही आहे, १० पाककृतींचा. अख्खी बाजरी धुऊन सरळ मुगाच्या डाळीसोबत टाका आणि २५ मिनिटं शिजवा, असं म्हटलंय. डाळीचा पार पिठूर झाला आणि बाजरी दाताखाली छर्‍यासारखी. नवऱ्याने काहीही न बोलता ब्रेड आणला. पुढच्या वेळी मी बाजरी सकाळीच पाणी मारून, मिक्सरमध्ये थांबून थांबून भरडली, पाखडून कोंडा काढला आणि भरड भिजत घालून गेले. रात्री सालाची मूगडाळ, भरपूर लसूण, सहा शिट्ट्या. वरून तुपाची धार. ती खिचडी आता थंडीत आठवड्याला होतेच. पण ही पाककृती पुस्तकाची म्हणायची की माझ्या आजोळची, सांगता येत नाही.

ज्वारीची भाकरी “१५ मिनिटांत ४” या पानाबद्दल बोलायलाच नको. पाणी उकळतं घ्यायचं की नाही, याचा उल्लेख नाही. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, त्यामुळे पीठ जुनं झालं, विरी गेली, की भाकरी थापतानाच कडेने फाटत जाते. अशा वेळी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून मळावं लागतं. हे एक वाक्य लिहिलं असतं तर कितीतरी भाकऱ्या वाचल्या असत्या.

किनोआचा उपमा एकदाच केला. पाकीट महाग, धान्य अँडीजच्या डोंगरांतलं, आणि नीट धुतलं नाही तर कडवट लागतं. मी धुतलं होतं, पण बहुतेक पुरेसं नाही. पाकीट संपल्यावर तेच सगळं साहित्य घेऊन मी वरीचा उपमा केला: गाजर, मटार, फरसबी, आलं-मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट. वरी भिजवायला लागत नाही, पंधरा मिनिटांत फुलते. आई ताटाकडे बघून म्हणाल्या, “आज चतुर्थी आहे का? मग हळद-मोहरी कशी?” उपासाच्या धान्याला कांद्याची फोडणी ही त्यांना आधी पचली नाही. तिसऱ्या वेळी स्वतःहून म्हणाल्या, “तो तुझा कांद्याचा भगर कर आज.” घड्याळात २७ मिनिटं, चिरण्यासकट. पाचातली एक ती हीच.

पुस्तकातली सगळ्यात चांगली पाककृती मात्र एका कोपऱ्यात, फोटोशिवाय छापलीय: मसूरडाळ आणि दुधी, एकाच कुकरमध्ये. मसूरडाळ भिजवायची गरजच नाही. पाऊण वाटी डाळ, पाव किलो दुधीच्या जरा मोठ्या फोडी, हळद, हिंग, दोन शिट्ट्या. कुकर गार होईतो शेजारच्या शेगडीवर भात. मग तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, तिखट, आणि ही फोडणी वरून. पुस्तकात गरम मसाला आहे, मी चिमूटभर गोडा घालते. शेवटी लिंबू. दुधी म्हटलं की नाक मुरडणारी माझी मुलगी हे वाटीने पिते. नोव्हेंबरपासून हे नवरा करतो, एकट्याने. हेही पुस्तकाचंच श्रेय. मी “अंदाजाने मीठ” म्हटलं की त्याचा हात थांबायचा. इथे ‘अर्धा चमचा’ लिहिलेलं आहे, आणि तो माणूस खरोखर चमचा सपाट करून मोजतो.

मापांवरून आठवलं, सगळं कपात आहे, आणि तो कप २४० मिलीचा. आमच्याकडची वाटी मी मोजली, १५० भरली. पहिल्या महिन्यात मी कप म्हणजे वाटीच धरत होते, सगळीकडेच तेच प्रमाण म्हणून बिघडलं नाही. पण जिथे “३ अंडी, १ कप दूध” असं असतं तिथे घोळ झाला. चहाचा चमचा आणि पोह्यांचा चमचा यातला फरकही लिहिलेला नाही, नुसतं “चमचा”. मिठाच्या बाबतीत हे महागात पडतं.

मासे करून बघायला ऑक्टोबर उजाडला. जूनमध्ये पुस्तक आलं, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. मग आमच्याकडे श्रावण, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. पुस्तकात पाच पाककृती आहेत आणि पाचही बिनकाट्याच्या बर्फातल्या माशांच्या. मी त्यातली तव्यावरची घेतली आणि बांगड्याला लावली. हळद, तिखट, मीठ, आगळ, दहा मिनिटं मुरत ठेवायचं, तांदळाच्या पिठात घोळवून दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं. साफ करून आणला असेल तर पाऊण तासात भातासकट जेवण. हे शिकायला पुस्तक लागत नाही हे खरंय, पण एवढ्याशा तेलात होतं हे मात्र मला पुस्तकानेच करून बघायला लावलं. आधी मी तव्यात तळंच करायची.

आता ‘पौष्टिक’ या शब्दाकडे. प्रत्येक पानाखाली कॅलरी दिल्यात, प्रथिनं दिलीत, पण मीठ किती ते कुठेच नाही. आमच्या घरात नेमकं तेच हवं होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा पुरा नाही. आणि इथल्या भाज्यांच्या सूपमध्ये तयार मसाल्याची वडी, वर सोया सॉस, वर “चवीनुसार मीठ”! दोन ठिकाणी साखरेऐवजी मध घालून ‘मधुमेहींसाठी उत्तम’ असा शिक्का मारलाय. मधही शेवटी साखरच. ती दोन पानं मी सरळ स्टेपल करून टाकली. आईंची साखर या सात महिन्यांत थोडी आटोक्यात आली, पण मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीही बदलली, त्यामुळे ते श्रेय मी पुस्तकाला देणार नाही. रात्रीच्या ताटातला भात कमी झाला आणि भाजी वाढली, एवढं मात्र डोळ्यांना दिसतं.

ओट्सचं थालीपीठ, बीटची कटलेटं, पनीर घालून केलेला कसलासा रोल: एकदा केलं, खाल्लं, पुन्हा कोणी नाव काढलं नाही. ओव्हनची सहा पानं तशीच कोरी आहेत, कारण आमच्याकडे ओव्हन नाही.

भांड्यांचं कोणीच बोलत नाही. ‘एका कढईत’ असं म्हणणाऱ्या एका पाककृतीनंतर मी मोरीतली भांडी मोजली: कढई, मिक्सरची दोन भांडी, चाळणी, किसणी, तीन वाडगे. आमच्या मावशी सकाळी येतात. दुसऱ्या दिवशी त्या भांड्यांकडे बघून म्हणाल्या, “काल पाव्हणे होते का, ताई?”

विकत घ्यायचं असेल तर दुकानात उभ्या उभ्या एवढंच बघा: कुठलीही कडधान्याची पाककृती काढा आणि भिजवण्याचा वेळ घड्याळात धरलाय की नाही ते वाचा. ज्याला स्वयंपाक अजिबात येत नाही आणि शिकायचाय, त्याला हे पुस्तक माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. माझ्या नवऱ्याला पडलं. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी कोणाचं तरी मागून आणावं, आठवडाभर ठेवावं, दहा-बारा पानांचे फोटो काढून परत करावं.

बांधणी तर अगदीच सुमार. ओट्यावर उघडं राहत नाही, वर वाटी ठेवावी लागते. सप्टेंबरात मधली पानं सुटून आली. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल घालून घेतली, आणि त्यातच मागे दहा कोरे कागद घालायला सांगितले. त्यातल्या पहिल्यावर मुलीने आईंच्या तोंडून ऐकून ताकातला पालक लिहून घेतलाय, कारण पुस्तकातला माझ्याकडून दोनदा फुटला होता. आई सांगतात तसं आधी ताकाला बेसन लावून घेतलं की फुटत नाही. अख्ख्या पानावर माप म्हणून एकच आहे: “बेसन, मुठीत येईल तेवढं.” मुलीने विचारलं, “आजी, कोणाच्या मुठीत?”