कोरड्या डोळ्यात काचबिंदूचा थेंब: डॉर्झोलामाइड की ब्रिन्झोलामाइड?

आमची राणी कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री. या जातीत कोरडा डोळा आणि काचबिंदू दोन्ही आढळतात. तिला दोन्ही एकदमच निघाले. कोरडेपणासाठी सायक्लोस्पोरिनचं मलम ठरलं, अश्रू वाढायला काही आठवडे लागतील हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं. आमचं अडलं ते काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवणाऱ्या थेंबांवर.

दोन्ही औषधं एकाच कुळातली. डोळ्याच्या आत पाणी तयार होणं कमी करतात, आणि दोन्हींपैकी कोणतंही एक दर आठ तासांनी घालायला राणीला लिहून दिलं होतं. डॉर्झोलामाइड आम्हाला मालवणातच मिळालं, टिमोलॉल मिसळलेल्या बाटलीतही ते येतं. (कुत्र्याला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर टिमोलॉलचं आधी विचारून घ्या.) ब्रिन्झोलामाइड मुंबईहून मागवावं लागलं. शिवाय दर वेळी बाटली नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशी राहतं. पापणीच्या कडेला पांढरट थर धरतो, तोही पुसत बसायचा.

म्हणून आम्ही आधी डॉर्झोलामाइडच घेतलं. पण ते आम्लधर्मी, सामू (pH) ५.६ च्या आसपास, ब्रिन्झोलामाइडचा ७.५, म्हणजे अश्रूंच्या जवळचा. ओला डोळा हा फरक सोसत असावा. राणीच्या डोळ्यात थेंबाची धार कमी करायला पाणीच नव्हतं. थेंब पडला की डोळा घट्ट मिटायची आणि पडवीतल्या चटईवर तोंड घासत सुटायची. बुबुळाला जखम होईल या भीतीने आम्ही तिचं डोकं धरून ठेवायचो. आठवडाभरात बाटलीचं झाकण वाजलं की खळं ओलांडून माडाच्या आळ्यात जाऊन बसू लागली. दुपारचा थेंब हुकायला लागला, आणि काचबिंदूत हुकलेला थेंब थेट नजरेवर येतो.

ब्रिन्झोलामाइड घातल्यावर दोनदा डोळे मिचकावते आणि भाकरीच्या तुकड्यासाठी हात हुंगते. महिन्याने दाब १८ भरला. २५ च्या आत असल्याने डॉक्टरांनी तेच चालू ठेवलं. शेजारच्या कुत्र्याला डॉर्झोलामाइडच चालतं, पण त्याचे डोळे ओले आहेत. तुमच्याकडेही कोरडेपणा असेल तर ब्रिन्झोलामाइडबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, असं मला वाटतं.

कोणताही थेंब घेतलात तरी मलम दहा मिनिटं थांबून, शेवटी. आधी लावलं तर थेंब त्यावरूनच ओघळून जातो.