लाइनी, थ्री-ऑन-थ्री की टेकडी? बास्केटबॉलचा दम कशाने वाढवायचा

स्पर्धेला सहा आठवडे उरलेत, पोरं दुसऱ्या क्वार्टरलाच कमरेवर हात ठेवून उभी राहतायत आणि आठवड्यातले तीन दिवस दमासाठी कसे वापरायचे ते तुम्हाला ठरवायचंय. माझा पहिला प्रश्न असतो: तिसऱ्या आठवड्यात मैदानावर किती जण येतील?

जुना उपाय म्हणजे सुसाईड. (नाव भयंकर आहे, मी आता नुसतं 'लाइनी' म्हणतो.) बेसलाइनवरून (रिंगमागची शेवटची रेषा) जवळच्या फ्री थ्रो लाइनला (रिंगसमोरची, फाउलनंतर बॉल टाकायची रेषा) शिवून परत, मग हाफ कोर्ट, मग पलीकडची फ्री थ्रो लाइन, शेवटी समोरची बेसलाइन. २८ मीटरच्या कोर्टवर एक फेरी १४० मीटरची भरते. आकडा किरकोळ वाटतो, पण वाटेत सात वेळा ब्रेक मारून वळावं लागतं आणि जीव जातो तो तिथेच. बॉल लागत नाही, दोघं असोत की बारा, दहा मिनिटांत काम उरकतं. मुख्य म्हणजे कुणाला लपता येत नाही. सोमवारची वेळ वहीत लिहा, पुढच्या सोमवारची तिच्याशेजारी लिहा, कोण सुधारलं ते उघड दिसतं. मजा मात्र शून्य. त्यात आपल्याकडे लेअप (रिंगजवळून मारलेला सोपा शॉट) चुकला की लाइनी, उशीर झाला की लाइनी. मग पोरांच्या डोक्यात धावणं म्हणजे शिक्षा हे पक्कं बसतं. सिमेंटच्या कोर्टवर नडग्या दुखायला लागतात, ते वेगळंच.

आता फुल कोर्टवर थ्री-ऑन-थ्री. पाचाऐवजी तिघंच, म्हणजे तेवढीच जागा कमी पायांनी भरायची. चार मिनिटं खेळ, चार मिनिटं विश्रांती. बारा पोरं असतील तर चार संघ आपोआप फिरत राहतात. ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, बंद करून बघा. पास द्यायला कुणीतरी मोकळं व्हायलाच हवं, म्हणून बॉल हातात नसलेलेही पळतात. बास्केट झाली की बॉल लगेच आत, कुरकुर करायला वेळच नाही. 'सर, अजून एक गेम' हे वाक्य मी लाइनींनंतर आजवर ऐकलेलं नाही, इथे रोज ऐकतो. मॅचमधल्यासारखं थांबणं, वळणं, उडी मारणं, दम लागलेला असताना नीट पास देणं, सगळं एकत्र होतं.

खोट एकच, पण मोठी: चलाख पोरगं इथे आराम करतं. उंच सेंटर तर पलीकडे जातच नाही, परतीच्या बॉलची वाट बघत रिंगखाली उभा राहतो. त्यावर माझा नियम असा की तिघांनीही हाफ कोर्ट ओलांडलेलं नसेल तर बास्केट धरायची नाही. मग संघातलेच त्याच्यावर ओरडतात, मला शिट्टी फुंकावी लागत नाही.

ऑलिम्पिकमधला ३x३ वेगळा. तो एकाच रिंगवर, १५ बाय ११ मीटरच्या कोर्टवर आणि १२ सेकंदांच्या शॉट क्लॉकवर (तेवढ्यात शॉट मारायचाच) चालतो. तोही दमवतो, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळण्याची सवय त्याने लागणार नाही.

टेकडीचं काय? पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या किंवा तळजाई हाताशी आहे. चढताना जोर लावायचा, उतरताना चालायचं. उड्या मारत उतरलात तर गुडघे बोलतील. गप्पा होतात, वर वारा असतो, खाली आल्यावर पोह्यांचा विषय निघतो, त्यामुळे पोरं येतात. पण बचावातलं आडवं सरकणं टेकडी शिकवत नाही. सीझन नसताना ती उत्तम, सहा आठवडे उरले असताना फार तर रविवारी. दोरीच्या उड्या पावसात कोर्ट ओलं असेल तेव्हाच्या, पाच-सात मिनिटांच्या वर पोरांना कंटाळा येतो.

मी काय निवडेन? दहा-बारा जण नियमित येत असतील तर दोन दिवस थ्री-ऑन-थ्री. तिसऱ्या दिवशी सुरुवातीला, पाय ताजे असताना, चारच लाइनी आणि हातात घड्याळ. शिक्षा म्हणून एकही नाही. येणारे चार-पाचच असतील तर टू-ऑन-टू खेळवा, फक्त डाव दोन मिनिटांचे ठेवा. पूर्ण कोर्टवर दोघांची त्याहून आधीच जीभ बाहेर येते.