बिजागरीवाला नी ब्रेस: नवरात्रीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

घाईत असाल तर एवढंच वाचा: गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) दुखावलंय आणि डॉक्टरांनी 'हिंज्ड' ब्रेस लिहून दिलाय, तर त्याऐवजी साधी नी कॅप घेऊन येऊ नका. कॅपने ऊब मिळते, आवळल्यासारखं बरं वाटतं, पण गुडघा बाजूला कलायला लागला तर त्याला अडवणारं तिच्यात काही नसतं. ब्रेसच्या दोन्ही अंगांना पट्ट्या आणि बिजागऱ्या असतात. पाय वाकतो, सरळ होतो, आडवा मात्र जात नाही.

माझं दुखणं गरब्यातलं. बडोद्यात राहून गरबा खेळायचा नाही हे काही जमत नाही. गिरकी घेताना पाऊल जागीच राहिलं आणि गुडघा आत वळला. निदान एमसीएल (हेच आतल्या बाजूचं लिगामेंट), ग्रेड २, म्हणजे अर्धवट फाटलेलं. ग्रेड १ मध्ये नुसतं ताणलं जातं, ३ मध्ये पूर्ण तुटतं. या लिगामेंटला रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे ते बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येतं. माझी सूज दुसऱ्या दिवशी चढली. पडल्यावर लगेच गुडघा टम्म फुगला किंवा अडकून बसला, तर एसीएल (गुडघ्याच्या मधोमध असलेलं लिगामेंट) किंवा मेनिस्कसची (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची) शंका घ्यावी लागते. "तेल लावून चोळून देते" म्हणणाऱ्या शेजारच्या मासींना सासूबाईंनी चहा पाजून वाटेला लावलं, ते फार बरं केलं. ताज्या दुखापतीला बर्फ, मालिश नाही.

मापाबद्दल दुकानदारावर विसंबू नका. तो नुसतं बघून 'एल' काढत होता. डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे मांडीचा घेर मोजला तर 'एम' निघाला.

काही आठवड्यांनी ब्रेस पोटरीकडे घसरायला लागला. मला वाटलं, इलॅस्टिक सैल झालं. फिजिओने टेप लावून दाखवलं: मांडीच बारीक झाली होती! दुखऱ्या गुडघ्यामुळे पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, झपाट्याने सुकतो. पट्टे आणखी आवळून तो भरत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, मग अर्ध्या बैठका, पायरीवर चढ-उतार. कंटाळवाणं आहे, पण खरं औषध तेच. मांडी भरत गेली तसा वरचा पट्टा हळूहळू जुन्या खुणेवर आला. मला तरी वजनकाट्यापेक्षा तीच खूण पटायची.

उतरायणला गच्चीच्या जिन्यापुरता ब्रेस घातला आणि वर फिरकी धरून बसले. त्यानंतर कामाटीबागेतल्या फेऱ्या ब्रेसशिवाय.

तक्रारी आहेतच. वेलक्रोत ओढणीचे धागे अडकतात, जीन्सखाली हा मावत नाही आणि निओप्रीनमध्ये, म्हणजे ब्रेसच्या रबरी कापडात, एप्रिलच्या उकाड्यात घामोळं येतं. आत पातळ सुती कापड गुंडाळलं तर थोडं सुसह्य होतं. धुताना पट्ट्या काढून हाताने धुवा, सावलीत वाळवा.

पाचपैकी चार तारे. एक वेलक्रोपायी कापला.